शुभेच्छापत्र 'हाताने' कसे होऊ लागले: डाय, ठसा आणि नक्षीदार कागद यांचा इतिहास

उत्पादन प्रक्रिया हा विषय मी यांत्रिकी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. प्रेसवर पंच आणि डाय लावून पत्रा कसा कापतात, हा त्यातला एक घटक. मागे एका शिक्षकदिनी एका विद्यार्थिनीने मला शुभेच्छापत्र दिले. हिरव्या नक्षीच्या कागदावर जाळीदार पांढरा कागद, त्यावर तीन थरांचे फूल आणि खाली ठशाने उमटवलेली अक्षरे. "मॅडम, पूर्ण हाताने केलंय," ती म्हणाली. मी सवयीने विचारत गेले. फूल कशाने कापलेस? डायने. अक्षरे? तयार ठशाने. खालचा कागद? नक्षी छापलेलाच मिळतो. मग हाताने काय केलेस? ती जरा ओशाळली. म्हणाली, "निवडलं आणि चिकटवलं."

माझा प्रश्न चुकीचा होता, हे पुढे या विषयाचे वाचन केल्यावर कळले. आधी सगळे हाताने होत असे, मग यंत्र आले आणि छंद म्हणून काही जणांनी जुनी कला जपली, असा क्रम आपण गृहीत धरतो. विणकाम किंवा कुंभारकाम यांना तो बराचसा लागू पडतो. ठसे, डाय आणि नक्षीदार कागद वापरून केलेल्या शुभेच्छापत्राचा क्रम मात्र उलटा आहे. यंत्राने स्वस्त सुटे भाग तयार केले, म्हणून हे 'हाताचे' काम जन्माला आले. या टिपणात तो क्रम पाहू.

टपालाचा दर आणि कागदाचे थर

सुरुवात टपालापासून करावी लागते. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. एक कागद असेल तर एक दर, दोन असतील तर दुप्पट. लिफाफाही एक कागद म्हणून मोजला जाई. त्यामुळे लोक एकाच कागदाची घडी घालून त्यावरच पत्ता लिहीत. अशा व्यवस्थेत चार थरांचे कार्ड पाठवणे म्हणजे चैन. हाताने रंगवलेली, घड्यांची, कात्रीने नक्षी कापलेली प्रेमपत्रे अठराव्या शतकातही होती, पण ती एकाच कागदाची असत, हे लक्षात घ्या.

१८४० मध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी हा दर लागू झाला. आता कागद मोजायचे नाहीत, वजन करायचे. अमेरिकेने १८४५ च्या कायद्याने वजनाचा हिशेब स्वीकारला आणि १८५१ मध्ये दर आणखी उतरवले. भारतात १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो, असा नियम आला. थरांचे कार्ड शक्य झाले ते कोणा कलावंताच्या कल्पनेमुळे नव्हे. आधी दरपत्रक बदलले.

हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून काढून घेतलेले नाताळचे कार्ड पहिले छापील नाताळ कार्ड म्हणून सगळीकडे सांगितले जाते. ते शिळाछापाने छापून वर हाताने रंगवले होते आणि किंमत एक शिलिंग होती. ते प्रसिद्ध आहे, पण एकथरी आहे. आपल्या विषयाचा धागा दुसरीकडे आहे.

जाळीदार कागद

लंडनमध्ये डॉब्स नावाची कागदावर उठाव करणारी पेढी होती. धातूच्या डायवर नक्षी खोल कोरायची, त्यावर कागद ठेवून दाब द्यायचा, म्हणजे नक्षी कागदावर फुगून येते. १८३४ च्या सुमारास तिथल्या जोसेफ ॲडनब्रुक या कामगाराने फुगलेले भाग कानशीने घासून काढले आणि कागदात भोके पडून लेससारखी जाळी तयार झाली, असे सांगितले जाते. इथे युक्ती कापण्याची नाही, घासण्याची आहे. भोक पाडायला वेगळा पंच लागत नाही. उठावाची उंचीच कुठे भोक पडणार ते ठरवते. माझ्या वर्गात मी ही पद्धत आता पंच-डायच्या आधी सांगते, कारण सहनमर्यादेचा प्रश्न तिने किती सोप्या रीतीने टाळला ते पाहण्यासारखे आहे.

या जाळीदार कागदाच्या जोडीला पुढे जर्मनीतून रंगीत छपाईची, उठाव दिलेली, कडेने कापलेली छोटी चित्रे येऊ लागली: फुले, देवदूत, पक्षी, हात. ती एका तावात बारीक कागदी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत आणि त्या पट्ट्यांवर कधी कधी कारखान्याचे नाव असे. पट्टी तोडायची, चित्र चिकटवायचे. आजचे तयार स्टिकर याच कुळातले.

वूस्टरची एस्थर हाउलँड

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या गावी एस्थर हाउलँड (१८२८–१९०४) राहत असे. वडिलांचे पुस्तके आणि लेखनसामग्रीचे दुकान होते. माउंट होलिओक या मुलींच्या विद्यालयातून १८४७ मध्ये ती शिकून बाहेर पडली. त्याच सुमारास वडिलांच्या व्यवसायातील ओळखीतून तिला एक इंग्रजी व्हॅलेंटाइन कार्ड आले. हे आपणही करू शकू, असे तिला वाटले. तिने वडिलांकरवी जाळीदार कागद आणि फुलांची चित्रे मागवली, काही नमुने केले आणि फिरतीवर जाणाऱ्या भावाबरोबर दिले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज होता. भाऊ पाच हजार डॉलरहून अधिक मागणी घेऊन परतला, असे तिच्या चरित्रकथेत सांगतात. आकड्यात थोडी भर पडली असली तरी पुढे काय झाले ते स्पष्ट आहे: एकटीने होणारे हे काम नव्हते.

तिने मैत्रिणींना घरी बोलावले. वरच्या मजल्यावर लांब मेज मांडले. एक चित्रे कापी, दुसरी खालचा कागद तयार करी, तिसरी थर रचून चिकटवी. नमुना एस्थर ठरवी, बाकीच्या त्याच्या प्रती करत. पुढे ज्या बायकांना घर सोडता येत नसे त्यांच्याकडे पेट्या जाऊ लागल्या: एका पेटीत कागद, चित्रे आणि नमुना. आठवड्याने गाडी फिरून तयार कार्डे गोळा करी आणि एस्थर ती तपासून घेई. आपल्याकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या किंवा पापड लाटणाऱ्या बायकांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रचना नवी वाटणार नाही.

इंग्रजी लेखनात हिला 'असेंब्ली लाइन' म्हणण्याची पद्धत आहे आणि मग ओघाने फोर्डशी तुलना येते. ती मला पटत नाही. फोर्डच्या १९१३ च्या कारखान्यात वस्तू सरकत होती आणि वेग पट्ट्याने ठरत होता. हाउलँडच्या मेजावर वेग हाताने ठरत होता. हे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्यावरून सांगितलेल्या श्रमविभागणीच्या जवळचे आहे. खरे नवेपण वेगळे आहे. प्रमाणित सुटे भाग घेऊन त्यांपासून शेकडो वेगवेगळी कार्डे करायची, ही तिची रीत होती. जाळीखाली गडद रंगाचा छोटा कागद लावला की तीच जाळी वेगळी दिसते. जाळीच्या मागे घडीदार कागदाच्या छोट्या स्प्रिंगा लावल्या की वरचा थर उचलून खोली येते. ही दोन्ही वैशिष्ट्ये तिच्या नावाशी जोडली जातात. आजच्या छंदवर्गात थर उचलण्यासाठी फोमचे चौकोनी तुकडे लावतात, तेच काम.

१८७९ मध्ये तिच्या कंपनीने पद्यांचे एक पुस्तक काढले. त्यात १३१ पद्ये होती. गिऱ्हाइकाला कार्ड आवडले पण आतला मजकूर आवडला नाही, तर पुस्तकातील पद्य निवडून ते जुन्या मजकुरावर चिकटवून द्यायचे. म्हणजे प्रेमाचे शब्दसुद्धा सुटा भाग झाले होते. कुणाला हे रुक्ष वाटेल. मला तसे वाटत नाही. निवडणाऱ्याला निवडायला काहीतरी लागतेच.

या पेट्या घरी नेणाऱ्या बायकांपैकी फारच थोड्यांची आठवण इतिहासात उरली आहे. कार्डाच्या मागे लाल रंगातले 'एच' हे अक्षर किंवा कंपनीची आद्याक्षरे सापडतात. संग्राहक त्यावरून कार्ड ओळखतात. चिकटवणारीची खूण कुठेच नसते. एस्थरने १८८१ च्या सुमारास वडिलांच्या आजारपणामुळे व्यवसाय त्याच गावच्या जॉर्ज व्हिटनी यांना विकला. त्यांनी हळूहळू छपाई आणि कटाईची यंत्रे स्वतःकडे आणली आणि हातकाम कमी होत गेले. ती कंपनी १९४२ मध्ये युद्धकाळातील कागदटंचाईत बंद पडली.

डाय या शब्दाचा घोटाळा

विद्यार्थ्यांना इथे हमखास अडचण येते. पत्र्याच्या कामात पंच वरून येतो, डाय खाली असते आणि दोघांमध्ये ठरावीक फट ठेवतात. पाव मिलिमीटर जाडीच्या कागदाला जाडीच्या शेकडा ५ फट धरली तर ती सुमारे १२ मायक्रॉन होते, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी. फुलाच्या वाकड्यातिकड्या कडेला इतकी अचूक जोडी बसवणे महाग पडते. म्हणून कार्डाची डाय ही खरे तर सुरी आहे. धारदार पोलादी पट्टी हव्या त्या आकारात वाकवायची, प्लायवुडच्या खाचेत ठोकून बसवायची आणि सपाट पृष्ठभागावर दाबायची. लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या गल्लीत 'डाय-पंचिंग' म्हणतात ते हेच. हाउलँडच्या वूस्टर गावीच रसेल हॉज या डॉक्टरने १८५३ मध्ये लिफाफे घडी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. लिफाफ्याचे कोरे तुकडे कापायलाही अशीच धारेची डाय वापरत.

घरगुती यंत्र त्याहून चतुर आहे. माझ्या विद्यार्थिनीने ते नंतर प्रयोगशाळेत आणून दाखवले. दोन रूळ, एक हँडल. पातळ पोलादी पत्रा रसायनाने कोरून केलेली डाय, कागद आणि प्लास्टिकच्या दोन पाट्या यांची चळत रुळांमधून सरकवायची. सपाट प्रेसमध्ये फुलाची सगळी कड एकदम कापावी लागते. इथे एका क्षणी एक अरुंद पट्टाच दाबाखाली येतो, म्हणून मनगटाचा जोर पुरतो. ऊस पिळण्याचा चरक ज्याने पाहिला आहे त्याला तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

रबराचा ठसा

ठशाबद्दल थोडक्यात. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता वापरून त्यावर उपाय शोधला. अमेरिकेतील पेटंट १८४४ चे. दंतवैद्य कवळीच्या पायासाठी कडक रबर वापरू लागले आणि ते शिजवायला छोटी बंद भांडी आली. १८६० च्या दशकात ठसेवाल्यांनी हीच भांडी उचलली. खिळे जुळवायचे, प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात रबर दाबून शिजवायचे. पहिला ठसा कोणी केला यावर एकमत नाही. तो आला कचेऱ्यांसाठी आणि आपल्याकडेही 'शिक्का' म्हणून कचेरीतच रुळला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेतील छंदकारांनी तो कार्डावर आणला. ओल्या शाईवर भुकटी टाकून तापवली की अक्षर फुगते. आपल्या लग्नपत्रिकांवरची चमकदार फुगीर अक्षरे बहुधा याच तत्त्वाने केलेली असतात.

नक्षीदार कागद

या तिघांत सर्वांत जुना कागदच. पाण्यावर रंग तरंगवून त्याची नक्षी कागदावर उचलण्याची रीत जपान, इराण आणि तुर्कस्तानात यंत्रयुगाच्या कितीतरी आधीची आहे. फारसीत तिला 'अब्री' म्हणतात. सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरच्या परिसरात, चित्रकारांनी एक वेगळेच काम केले: कागदाचा काही भाग झाकून उरलेल्या भागावर अब्री उचलायची आणि त्या नक्षीतूनच हाडकुळा घोडा किंवा स्वार उभा करायचा. नक्षी ही पार्श्वभूमी न राहता चित्राचे अंग झाली. युरोपात मात्र अब्री पुस्तकबांधणीच्या अस्तराचा माल ठरली आणि कारागीर तिची कृती गुपित ठेवत. लंडनच्या चार्ल्स वूलनो यांनी १८५३ मध्ये पुस्तक लिहून ती उघड केली.

आपल्याकडे दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची जुनी गावे. गिरणीच्या कागदापुढे ती मागे पडली. जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये कागजी घराण्यांनी मात्र धंदा टिकवला आणि वाढवला. होजियरीच्या कारखान्यांतली सुती कात्रणे कुटून लगदा करतात, चौकटीवर ताव उचलतात, वाळवतात, मग त्यावर जाळीछापाने सोनेरी-चंदेरी नक्षी छापतात. त्यातला बराच माल परदेशी जातो आणि तिथल्या छंदकारांच्या मेजावर 'नक्षीदार कागद' म्हणून पोहोचतो.

विद्यार्थिनीला मी त्या हिरव्या कागदाचे पाकीट आणायला सांगितले. त्यावर सांगानेरचे नाव होते. तिला ते गाव माहीत नव्हते. पुढच्या तासाला तिने कार्डाच्या मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहून आणल्या: कागद कुठला, कापले आणि चिकटवले कोणी. तिसरी ओळ, कागद उचलला कोणी, तिने कोरी ठेवली होती.