प्राध्यापकांची शाळा

प्राथमिक शाळेत शिकवायचे तर डी.एड. हवे, हायस्कुलात शिकवायचे तर बी.एड. हवे, कॉलेजात शिकवायला मात्र विषयातली पदवी पुरे, असा समज आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिला. तो आला कुठून, हे पाहायचे तर बेळगावचा कॉलेज रोड सोडून आपल्याला आधी मुंबईत जावे लागते. १८३४ मध्ये बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या जागेवरचे ते पहिले एतद्देशीय. १८४५ मध्ये मराठी शाळांसाठी मास्तर घडवणारा नॉर्मल वर्ग त्यांच्याच हाती सोपवण्यात आला. शिकवण्याचेही शिक्षण असते हे सरकारला तेव्हाच उमगले होते आणि ते देणारा माणूस स्वतः प्राध्यापक होता. पण हे शिक्षण मास्तरांसाठी. प्राध्यापकालाही त्याची गरज असेल असे कोणाच्या मनात आले नाही. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे. शिकवायचे कॉलेजांनी, पारखायचे विद्यापीठाने. तासाला नोट्स सांगायच्या आणि मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या, ही जी रीत आपण आजही पाहतो, तिचे मूळ मला या वाटणीतच दिसते. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आले, तेही हायस्कुलांच्या शिक्षकांसाठीच.

गावात कॉलेज निघेपर्यंत बेळगावच्या मुलाला त्यासाठी गाव सोडणे भागच होते. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे, पुण्याचे फर्ग्युसन १८८५ चे, धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे. शिकून परतणारा तरुण पदवीबरोबर आपल्या प्राध्यापकाची शिकवण्याची ढबही घेऊन येई. बेळगावात १३ नोव्हेंबर १९१६ रोजी सात जणांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी स्थापली. गाव त्यांना आजही सप्तर्षी म्हणते. त्यांच्यासमोर आदर्श होता पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. या संस्थेचे लिंगराज कॉलेज १९३३ मध्ये उघडले, १९३९ मध्ये राजा लखमगौडा लॉ कॉलेज आले आणि १९४५ मध्ये साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीचे राणी पार्वतीदेवी कॉलेज. ही सारी कॉलेजे मुंबई विद्यापीठाशी जोडलेली, आणि तिथल्या प्राध्यापकांची तयारी एकाच प्रकारे झालेली: आपल्याला शिकवणाऱ्याकडे पाहून. चांगल्या गुरूचे गुण असे पिढीजात झाले. कंटाळवाण्या गुरूचा कंटाळाही झाला, हे मात्र गौरवग्रंथांत सापडत नाही.

याच बेळगावात महिलांच्या ट्रेनिंग कॉलेजात कवयित्री इंदिरा संत शिकवीत होत्या आणि पुढे तिथल्याच प्राचार्य झाल्या. तिथे पाठ घ्यावा लागे, पाठाचे टाचण काढावे लागे आणि मागे बसलेल्या निरीक्षकाची टीका ऐकावी लागे. कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या तासाला मात्र मागच्या बाकावर विद्यार्थ्यांखेरीज कोणी बसत नसे.

ही शिकवण्याची वंशावळ भाषेच्या सीमेला जुमानत नव्हती. कन्नडचे थोर कवी विनायक कृष्ण गोकाक फर्ग्युसनमध्ये आणि सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकवत, कोल्हापूरच्या राजारामचे प्राचार्य होऊन १९५२ मध्ये धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे प्राचार्य झाले. १९५९ मध्ये ते हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्यांनाच इंग्रजी कसे शिकवावे हे शिकवले जाई.

राज्याची सीमा बदलण्याआधी इथली विद्यापीठाची सीमा बदलली. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि बेळगावची कॉलेजे मुंबईकडून धारवाडकडे गेली. त्याच सुमारास डॉ. राधाकृष्णन यांच्या आयोगाने कॉलेज शिक्षकांसाठी उजळणी वर्ग हवेत अशी शिफारस केली. ती बरीच वर्षे कागदावरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणीसह बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड मात्र कोल्हापूर जिल्ह्यात आले. या फाळणीवर निपाणीने शोधलेला तोडगा आपण जाऊन पाहण्यासारखा आहे. १९६१ मध्ये देवचंद शहा यांच्या पुढाकाराने जे देवचंद कॉलेज उभे राहिले, ते तंबाखूच्या या पेठेला लागूनच, पण सीमेपलीकडे अर्जुननगरला, कागल तालुक्यात. गाव कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. ते करणारे राष्ट्रपती म्हणजे तेच राधाकृष्णन.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला निर्णायक वळण आले ते याच पट्ट्यातल्या एका माणसामुळे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक धारवाडला कर्नाटक कॉलेजात शिकले, उप्पिन बेटगेरीत ग्रामसुधारणेसाठी राबले, गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राहिले आणि १९६४ मध्ये शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. नव्या व्याख्यात्याला रुजू होताच उद्बोधन मिळावे, मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी स्टाफ कॉलेजे काढावीत, असे या आयोगाने १९६६ मध्ये सुचवले. अंमल व्हायला वीस वर्षे लागली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली आणि स्टाफरूममध्ये ‘ओरिएंटेशन’, ‘रिफ्रेशर’ हे शब्द रुळले. पण हे वर्ग वरच्या वेतनश्रेणीला जोडले गेले, त्यामुळे शिकण्यापेक्षा सर्टिफिकेट हाती पडण्याची घाई अधिक दिसू लागली. मला वाटते, नाईकांची कल्पना तिथेच निम्मी हरवली.

वैद्यकीय शिक्षकांनी हे काम जास्त मनावर घेतले. पाँडिचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत १९७० च्या दशकातच त्यांच्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र निघाले होते. बेळगावचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चे. पुढे तेही इतर कॉलेजांच्या शिक्षकांना शिकवण्याचे तंत्र देणारे केंद्र झाले. पेशंटच्या खाटेशी उभे राहून विद्यार्थ्याला काय विचारावे, याचाही तिथे सराव करून घेतात. मराठी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाच्या वाट्याला असे कधी आले नाही.

स्टाफ कॉलेजांची नावे २०१५ मध्ये बदलली, २०२३ मध्ये पुन्हा बदलून ती मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रे झाली. मधल्या काळात, २०१९ मध्ये, नवागतांसाठी महिनाभराचा ‘गुरुदक्षता’ कार्यक्रम आला. २०१० पासून बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. त्यामुळे निपाणीतल्या एकाच गल्लीत राहणारे दोन तरुण प्राध्यापक दोन राज्यांतल्या दोन विद्यापीठांचे असू शकतात. महिनाभराचा कार्यक्रम मात्र दोघांना एकच. अध्यापनशास्त्र, मूल्यमापन, संगणक असे सगळे त्यात आहे. इंग्रजी पुस्तकातले डेबिट-क्रेडिट मराठीत फोडून सांगायचे, मग कन्नड शाळेतून आलेल्या मुलासाठी तेच कन्नडमध्ये सांगायचे आणि तरीही पोर्शन वेळेत संपवायचा, या कसरतीला त्या यादीत वेगळे नाव नाही. ती अजूनही नवा माणूस स्टाफरूममधल्या जुन्या सरांना विचारूनच शिकतो.