शपथेनंतरचा दिवस

शपथ घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. वारकरी गळ्यात माळ घालतो, रोजेदार पहाटे नियत करतो. दोघांचेही काम तिथे संपत नाही, तिथून सुरू होते. माळ घातली की वारी आली, नियत केली की दिवसभराची तहान आली. सामाजिक संस्था शाळाशाळांतून मुलांना ज्या शपथा देतात, त्यांचा इतिहासही याच कसोटीवर पाहायला हवा.

सर्वांत परिचित शपथ म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञा. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ साली लिहिली. १९६४ साली बंगळूरला शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते मुंबईचेच न्यायमूर्ती आणि त्या वेळचे शिक्षणमंत्री महंमदअली करीम छागला. तिथे ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून देशभरातील मुले ती म्हणू लागली. ती पाठ सर्वांना आहे. पण म्हणून झाल्यावर काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

याउलट साने गुरुजींचे पाहा. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले त्या कामात होती. गाणी, सभा, घरोघर बोलणे चालले होते. मागणी साधी होती: तुमच्या गावची विहीर, तुमच्या गावचे देऊळ उघडा. होकार तोंडी देऊन भागत नव्हते, कडी काढावी लागत होती.

पुढे १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीच्या फटाकेमुक्त दिवाळीच्या मोहिमेत शाळकरी मुले संकल्पपत्र भरत. वाचलेले पैसे पुस्तकांकडे किंवा एखाद्या चांगल्या कामाकडे वळवायचे. त्यामुळे मुलाला घरी हिशोब मांडावा लागे, आईवडिलांशी बोलावे लागे. एका मुलाची शपथ अशी सगळ्या घराची होई.

आता मानखुर्दला येऊ. एका बाजूला ठाण्याची खाडी, जवळच १९२७ पासूनचे देवनारचे कचरा मैदान आणि मध्ये दाटीवाटीच्या वस्त्या. मुंबईतल्या पालिका शाळांच्या मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्यासाठी सलाम बॉम्बे फाउंडेशनसारखी संस्था २००२ पासून काम करते आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी घातली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखाच बंद केला. २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी शाळेभोवती त्या शंभर यार्डांची पिवळी रेघ आखायला सांगितली.

मुलगा हात पुढे करून म्हणतो, मी तंबाखू खाणार नाही. मग फाटकाबाहेर पडतो आणि वाटेवर पुड्यांच्या माळा लटकलेल्या पाहतो. शपथ त्याने घेतली, हद्द मोठ्यांनी पाळायची होती. अशा वेळी त्याच्या हाती टेप द्यावी, अंतर मोजू द्यावे, वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहू द्यावा आणि त्या अर्जाचे उत्तरही यावे. लोकसहभाग या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

मी कवी आहे, शब्द हेच माझे भांडवल. म्हणून एक भीती वाटते. एकट्याने पाळणे कठीण अशी शपथ मुलाला पुन्हा पुन्हा म्हणायला लावली आणि भोवतालचे काहीच बदलले नाही, तर तो तंबाखू सोडायला शिकेल की नाही ठाऊक नाही. शब्दाला किंमत नसते हे मात्र नक्की शिकेल. तेव्हा पुढच्या शपथेच्या वेळी मुलांच्या रांगेत पालक, शिक्षक, दुकानदार आणि नगरसेवक यांनाही उभे करावे. आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यावी, ती आधी मोठ्यांची.