वाचनखूण, शुद्धिपत्र आणि दोन केडगावे

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ‘केडगाव’ म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. ते केडगाव पुणे जिल्ह्यातले, दौंड तालुक्यातले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराला लागून असलेले, रेणुकामातेच्या देवळासाठी ओळखले जाणारे केडगाव निराळे. या नगरच्या केडगावात राहून पदरच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाला आज एक किरकोळ वाटणारा प्रश्न पडतो : पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी वाचनखूण छापावी काय आणि तिच्यावर मजकूर कोणता घालावा? या प्रश्नाचे पूर्वरूप मात्र दुसऱ्या केडगावच्या रमाबाईंच्या ग्रंथव्यवहारात शोधावे लागते.

रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि त्या प्रवासाला या पुस्तकाच्या विक्रीचा हातभार लागला. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ निघाले. त्याची प्रस्तावना डॉ. रेचल बॉडली यांची असून शेवटचे प्रकरण सरळसरळ आवाहनाचे आहे. पुस्तक वाचून संपवलेल्या वाचकाकडे लेखिका तेथे विधवांच्या शाळेसाठी मदत मागते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, त्यामागे या पुस्तकाने जमवलेले पैसे आणि माणसे होती. पुढे मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या त्यांच्या मराठी भाषांतराची जुळणी, छपाई आणि बांधणी तेथल्या स्त्रियांनीच केली. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वाचकाला घातलेली हाक त्या काळी ग्रंथाच्या आतच असे. एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तके चाळली की आगाऊ वर्गणीदारांच्या आणि आश्रयदात्यांच्या याद्या भेटतात; मलपृष्ठावर त्याच ग्रंथकर्त्याच्या इतर पुस्तकांच्या किमती आणि टपालहशील दिसते. हे सारे पुस्तकाबरोबर बांधले गेल्यामुळे टिकले, आणि म्हणूनच आज ते इतिहासाचे साधन ठरते. सुटी वाचनखूण अशी टिकत नाही. ग्रंथालयात ती झटकून टाकली जाते.

आपल्याकडे वाचनखुणेची परंपरा तरी कुठे होती? पोथीची पाने सुटी असतात. वाचलेले पान उलटून बाजूला ठेवले की खूण आपोआपच झाली. बांधीव पुस्तक आले तेव्हा मोरपीस, पिंपळाचे जाळीदार पान, पोस्टकार्ड असे जे हाताशी आले ते खुणेला चालले. प्रसिद्धीची वाचनखूण ही इंग्लंडची देणगी, आणि तिच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. १८६० च्या व्यापारी तहाने फ्रेंच रेशमावरील जकात उठली आणि कॉव्हेंट्रीतील रेशमी फितीचा धंदा बसला. तेव्हा तेथल्या टॉमस स्टीव्हन्सने १८६२ पासून त्याच मागांवर चित्रांच्या वाचनखुणा विणायला घेतल्या. पुढे कागदी पट्ट्या आल्या आणि साबणापासून विम्यापर्यंत सर्वांच्या जाहिराती त्यांवर चढल्या.

रिकाम्या राहिलेल्या मागाचे जे काम तेथे झाले, तेच आपल्या छापखान्यात मुखपृष्ठाच्या कातरणाचे होऊ शकते. डेमी आकाराच्या, अर्धा इंच कण्याच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ कापणीची जागा धरून पावणेबारा बाय पावणेनऊ इंच होते. २० बाय ३० इंची तावावर अशी चार बसतात आणि एका बाजूला साडेसहा इंच रुंदीची पट्टी उरते. यंत्राची पकड सोडूनही तिच्यात सहा बाय दोन इंचाच्या नऊ वाचनखुणा मावतात. पाचशे प्रतींना सव्वाशे ताव लागतात, म्हणजे अकराशेहून अधिक वाचनखुणा कागदाच्या वेगळ्या खर्चाविना निघतात. तोटा एकच. मुखपृष्ठ नीट मिटावे म्हणून कागदाचे तंतू कण्याच्या दिशेने ठेवावे लागतात. त्यामुळे ते वाचनखुणेला आडवे पडतात आणि ती लांबीत जरा मऊ राहते. फुकटच्या मालाला एवढे चालायचेच.

मजकुराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुस्तकात घातलेली वाचनखूण ते विकत घेतलेल्या माणसाच्याच हाती पडते. तेच पुस्तक त्याला पुन्हा विकण्यात काय हशील? प्रसिद्धी हवी असेल तर ती आधी बाहेर पडली पाहिजे : वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर, दुसऱ्याच्या पुस्तकात. प्रतींच्या दुपटीहून अधिक वाचनखुणा निघतात त्या याचसाठी. पण बहुधा दिसते काय, तर मुखपृष्ठाचे लहान चित्र, लेखकाचे छायाचित्र आणि कोणा मान्यवराचे विशेषण. बाहेर फिरणाऱ्या पट्टीवर पुस्तकाचा विषय दोन ओळींत, पृष्ठसंख्या, किंमत आणि पुस्तक कोठे मिळेल एवढे हवे. रमाबाईंच्या आवाहनात वाचकाने नेमके काय करावे हे स्पष्ट होते, आणि या पट्ट्यांत नेमके तेच नसते.

आत राहणाऱ्या पट्टीची मागची बाजू मी शुद्धिपत्राला देईन. मराठी पुस्तकातली खरी देशी वाचनखूण तीच होती, असे माझे मत आहे. पुस्तक छापून झाल्यावर चुका ध्यानात येत आणि एक सुटी चिठ्ठी आत सरकवली जाई. वाचक तीच खुणेला वापरी. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने तिच्यावर असत. शेवटच्या पानावर छापलेले शुद्धिपत्र कोणी उघडत नाही, पण वाचनखूण पानागणिक वाचकाबरोबर पुढे सरकते. अडचण छपाईच्या क्रमाची आहे. मुखपृष्ठ आधी छापून झाले तर आतल्या चुका कळण्यापूर्वीच पट्ट्या तयार असतात. अशा वेळी मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशनविना ठेवावी, आणि आतले फर्मे छापून झाल्यावर एकरंगी छपाईने तेवढीच पुन्हा यंत्रावर घ्यावी.