माथाडी भूषण पुरस्कार

माथाडी चळवळीत गुणवंत ठरलेले कामगार व कार्यकर्ते यांचा कामगार संघटनेतर्फे होणारा गौरव. चळवळीचे प्रवर्तक अण्णासाहेब पाटील (1933–82) यांच्या जयंतीस, 25 सप्टेंबर रोजी, भरणाऱ्या मेळाव्यात तो दिला जातो. मुंबईतील घाऊक व्यापार 1981 पासून टप्प्याटप्प्याने तुर्भे येथे स्थलांतरित होऊन श्रमिकवर्गही तेथे एकवटल्यावर, नवी मुंबईचे एपीएमसी मार्केट हे चळवळीचे प्रमुख केंद्र बनले (पहा : कृषी उत्पन्न बाजार समिती).

कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला व धान्य या पाचही बाजारांत काम टोळीने चालते. टोळीचा मुकादम हा स्वतः ओझे वाहणारा गडी असून, कामाची वाटणी, हजेरी आणि व्यापारी व हमाल यांच्यातील तंट्यांत मध्यस्थी हा भार तो वाहतो, तो मुख्यतः टोळीच्या विश्वासाच्या बळावर (पहा : मुकादम).

1969 च्या अधिनियमान्वये स्थापिलेल्या त्रिपक्षीय मंडळांच्या दप्तरी मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा हिशेब राहतो. तंट्यांत समजूत घालण्यात मुकादमाची खर्ची पडलेली वर्षे मात्र त्या रकान्यांत बसत नाहीत, आणि तेवढ्यापुरता हा गौरव कायदेशीर लाभांना पूरक होय (पहा : माथाडी कामगार अधिनियम).