भुसभुशीत हिमाची ओढ

नॉर्वेच्या शेतकऱ्याला स्की म्हणजे पायांतल्या वहाणेइतकीच नित्याची वस्तू. शेजारच्या वाडीवर जायचे असो वा जंगलातून लाकूडफाटा आणायचा असो, हिवाळ्यात त्या दोन लांब, पुढून वर वळलेल्या फळ्या पायांना बांधल्याशिवाय त्याला गत्यंतर नसे. १८८८ साली फ्रित्यॉफ नान्सेन याने याच फळ्यांच्या आधाराने ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार ओलांडले आणि त्या प्रवासाचा वृत्तांत युरोपभर वाचला गेला. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्ट गावाजवळ एकांतात राहणाऱ्या माथिआस झ्डार्स्की नावाच्या गृहस्थाच्या मनाने तर त्या वृत्तांताचा ध्यासच घेतला. मोराव्हियात १८५६ साली जन्मलेला हा मनुष्य पेशाने शिक्षक आणि वृत्तीने कलावंत. परंतु डोंगरउतारावरून मोकाट सुटण्याची विद्या त्याने आल्प्सला दिली, ही त्याची खरी ख्याती.

नॉर्वेहून मागविलेल्या स्की आल्प्सच्या कड्यांवर निरुपयोगी ठरल्या. त्या फार लांब होत्या आणि उभ्या उतारावर काही केल्या वळत नसत. झ्डार्स्कीने त्या आखूड केल्या, पाऊल घट्ट धरून ठेवणारी पोलादी पकड स्वतः घडविली, हातात एकच लांब काठी घेतली आणि वळणे घेत घेत, वेग आवरीत खाली उतरण्याची पद्धत बसविली. एकोणिसावे शतक सरण्यापूर्वीच त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिष्यांकडून तो मोबदला घेत नसे. १९०५ साली लिलिएनफेल्टजवळच्या डोंगरावर त्याने काठ्या रोवून त्यांच्यामधून वळत उतरण्याची शर्यत भरविली. आजच्या स्लॅलम शर्यतीची ती पूर्वज मानली जाते.

या विद्येचे सर्वांत मोठे सुख मात्र शर्यतीच्या दाबलेल्या वाटेवर नाही. ते नुकत्याच पडलेल्या, कोणाचे पाऊल न उमटलेल्या खोल हिमात आहे. ताज्या हिमाच्या थरात नऊ-दशांशांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, नुसती हवाच असते. माणूस चालू लागला तर मांडीपर्यंत रुतेल. परंतु स्कीवर भार पसरला आणि वेग आला की तोच माणूस त्यावर तरंगू लागतो. पायाखाली घर्षणाचा आवाज नसतो, वळण घेतले की हिमाचा धुरळा छातीपर्यंत उसळतो, आणि पडले तरी बहुधा लागत नाही. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या इंजिनियराने मुलीच्या खेळण्यासाठी दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्यातून पुढे स्नोबोर्ड निघाला आणि १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जाऊन पोहोचला. त्या रुंद फळीवर तर खोल हिमात तरंगणे अधिकच सुलभ झाले.

पण हिमाचा हा मऊपणा फसवा असतो. वादळानंतर आडोशाच्या बाजूस वारा हिमाचे दाट थर रचून ठेवतो, आणि स्कीपटूला हवी असलेली खोली नेमकी तिथेच सापडते. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला की उतरण्याची मौज खुलते; हिमलोट सुटण्यासही तोच उतार सोयीचा. कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतच्या हिमाचे साखरेसारखे सुटे स्फटिक बनतात. त्यांच्यावर नवा थर बसला म्हणजे तो जणू खड्यांवर ठेवलेल्या फरशीसारखा अधांतरी राहतो. मग एका माणसाच्या वजनाने ती फरशी तडकते आणि सारा उतार खाली येतो. हिमलोटात सापडणाऱ्या बहुतेक स्कीपटूंनी तो स्वतःच किंवा सोबत्यांनीच सोडविलेला असतो.

हे झ्डार्स्कीला फार महागात शिकावे लागले. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियाच्या सैनिकांना डोंगरी वाटचालीचे शिक्षण देत होता. १९१६ च्या फेब्रुवारीअखेर, वयाची साठी नुकतीच पूर्ण झालेली असताना, तो हिमलोटाखाली सापडला. त्याच्या शरीरातील हाडे सुमारे ऐंशी ठिकाणी मोडली होती. त्याच वर्षी डिसेंबरात मार्मोलादा शिखराच्या उतारावर एकाच हिमलोटाने सुमारे २७० ऑस्ट्रियन सैनिक गाडले. झ्डार्स्की जगला, स्वतः योजिलेल्या व्यायामांनी त्याने शरीर पुन्हा उभे केले, तो पुन्हा स्कीवर चढला आणि हिमलोटांविषयी लिहू लागला. ज्याने हजारोंना त्या उतारांवर नेले, त्यानेच हे लिहावे हे योग्यच झाले.

अनुभवाला प्रयोगाची जोड मिळाली ती स्वित्झर्लंडमध्ये. १९३६ साली दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे, लाकडी खोपटात हिमाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि थरांची ताकद मोजली जाऊ लागली. तरीही १९५०–५१ च्या हिवाळ्यात त्या देशात ९८ माणसे हिमलोटांत मेली. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. हे ओळखून १९६८ साली अमेरिकेत अंगावर बाळगण्याचे संदेशयंत्र निघाले, ज्याच्या साहाय्याने सोबतीच एकमेकांना शोधू शकतात.

भारतात ही विद्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणली. गुलमर्गला स्की क्लब १९२७ साली स्थापन झाला. १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमलोटांच्या अभ्यासाची संस्था निघाली. पुढे २००५ साली गुलमर्गचा रज्जुमार्ग अफरवटच्या सुमारे ३,९०० मीटर उंचीच्या खांद्यापर्यंत गेला आणि जगभरचे स्कीपटू तिथल्या खोल हिमासाठी येऊ लागले. २०१० च्या फेब्रुवारीत याच परिसरात हिमयुद्धाचे शिक्षण घेणारे १७ जवान हिमलोटात गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीपटू. मोठी हिमवृष्टी झाली की रज्जुमार्गाचा वरचा टप्पा बंद ठेवावा लागतो, आणि तो उघडण्याची वाट पाहत स्की खांद्यावर टाकलेली माणसे खाली उभी असतात.