मंगळावर ‘सेंद्रिय’ सापडले, म्हणजे नेमके काय सापडले?

मंगळावर सेंद्रिय संयुगे सापडल्याची बातमी वर्ष-दोन वर्षांनी येतेच. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर ती ‘मंगळावर जीव सापडला’ अशी होऊन फिरू लागते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुले आम्हाला विचारतात, ‘सर, खरंच?’

गलतफहमी शब्दापासूनच सुरू होते. बाजारात सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत न घालता पिकवलेला माल. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे, ज्यांत बहुतेक वेळा कार्बनला हायड्रोजन जोडलेला असतो. साखर, व्हिनेगर, रॉकेल, प्लास्टिकची पिशवी, सगळे त्यात आले. ही संयुगे फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात, असा जुना समज होता. १८२८ मध्ये वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि तो समज ढासळला. दहावीला ‘कार्बनी संयुगे’ हा धडा शिकणाऱ्या मुलांनी घरच्यांना एवढे सांगितले तरी अर्धे काम झाले!

जीव नसतानाही अशी संयुगे अवकाशात बनतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केत ७० हून जास्त अमिनो आम्ले मिळाली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये नासाने १२१.६ ग्रॅम माती-खडे आणले. सजीव प्रथिनांसाठी जी २० अमिनो आम्ले वापरतात, त्यांतली १४ त्यात होती.

मंगळाचा मामला मात्र फार वर्षे अडकून पडला होता. १९७६ मध्ये व्हायकिंगची दोन याने तिथे उतरली. त्यांनी माती ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निघालेला वायू तपासला. क्लोरीन असलेले दोन साधे पदार्थ किंचित मिळाले. पण तसले पदार्थ पृथ्वीवर यंत्रे धुवायला वापरतात, म्हणून ते इथूनच गेले असावेत असे मानले गेले. मंगळाची माती कोरी, असे बरीच वर्षे धरून चालले.

मग २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार मिळाले. थंडीत ते गप्प असतात, तापवले की ऑक्सिजन सोडतात आणि सोबतचे सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात. म्हणजे जे शोधायचे, तेच शोधताना जळत असावे. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तेव्हा व्हायकिंगला मिळालेलेच दोन पदार्थ निघाले. हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वाद पूर्ण मिटला नाही, पण ‘काही मिळाले नाही’ आणि ‘काही नाही’ यांतला फरक समजावायला आम्हाला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

२०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडी गेल विवरात उतरली. तिच्या पोटातल्या प्रयोगशाळेत रसायनाचा एक कप गळत होता, त्यामुळे मंगळाचे काय आणि आपल्याबरोबर नेलेले काय, हे वेगळे करायला शास्त्रज्ञांना बरीच मेहनत पडली. तरी २०१८ मध्ये सुमारे तीन अब्ज वर्षे जुन्या गाळाच्या खडकांत गंधक असलेले सेंद्रिय रेणू असल्याचे जाहीर झाले. २०१३ मध्येच भोक पाडून घेतलेल्या ‘कंबरलँड’ नमुन्यात २०२५ मध्ये १०, ११ आणि १२ कार्बनच्या साखळ्या दिसल्या. त्या मेदाम्लांचे तुकडे असू शकतात. मेदाम्ले सजीवांच्या पेशीच्या आवरणात असतात, पण जीवाशिवायही बनतात.

मग ओळखायचे कसे? एक खूण हातांची आहे. बहुतेक अमिनो आम्लांचे डाव्या-उजव्या हातासारखे दोन प्रकार असतात. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी डावाच वापरतात. बेन्नूच्या नमुन्यात दोन्ही जवळपास सारखे होते, म्हणजे तो माल निर्जीव रसायनक्रियेचा. मंगळावर एकाच हाताचा ढीग मिळाला, तर ती खरी मोठी बातमी. पर्सिव्हिअरन्स गाडीला २०२४ मध्ये बिबट्यासारखे ठिपके असलेला जो खडक मिळाला, त्यालाही शास्त्रज्ञ ‘संभाव्य’ जैविक खूण असेच म्हणतात. फॉरवर्डमध्ये नेमका तोच शब्द गळतो.

मंगळाला दाट हवेचे पांघरूण नाही. अवकाशातून येणारे किरण पृष्ठभागाजवळचे रेणू मोडत राहतात. क्युरिऑसिटीचे ड्रिल जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर जाते. युरोपची रोझालिंड फ्रँकलिन गाडी दोन मीटर खोल भोक पाडू शकेल. तिचे उड्डाण २०२८ मध्ये ठरले आहे.