तीस महिन्यांच्या अटीची कुळकथा

गोमांसाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात गेली जवळपास तीस वर्षे एक आकडा ठाण मांडून बसला आहे : ३० महिने. कापलेले जनावर ३० महिन्यांच्या आतले होते की त्याहून मोठे, यावर मांसाचा कंटेनर बंदरात उतरतो किंवा परत फिरतो. या आकड्यावरून एका न्यायालयाने दुसऱ्याचा निकाल फिरवला आणि एका राष्ट्राध्यक्षाला जनतेची माफी मागावी लागली. वाटाघाटींत तो निव्वळ विज्ञानाचा निष्कर्ष म्हणून मांडला जातो. त्याच्या जन्मात विज्ञानाचा वाटा मोठा आहे, पण सगळा नाही.

त्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. नोव्हेंबर १९८६मध्ये वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गायींच्या मेंदूच्या एका नव्या रोगाची ओळख पटली. आजारी गाय बिथरायची, अडखळायची आणि शेवटी तिला उभेही राहता यायचे नाही. मेंदू चाळणीसारखा झालेला असायचा. शास्त्रज्ञांनी रोगाला बीएसई म्हटले, लोकांनी मॅड काउ. त्याचा प्रसार कशातून झाला हे कळले तेव्हा कोणाही पशुपालकाला धक्काच बसला असेल. कत्तलखान्यात उरलेले मांस आणि हाडे शिजवून, दळून केलेली भुकटी गायींच्या खुराकात मिसळली जात होती. दुधाळ गायीला प्रथिने स्वस्तात मिळावीत म्हणून गवत खाणाऱ्या जनावराला जनावरच चारले गेले. जुलै १९८८मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खुराकात ही भुकटी घालण्यावर बंदी आली. पण हा रोग अंगात सरासरी पाच वर्षे दबा धरून बसतो. त्यामुळे बंदीनंतरही आकडे चढतच गेले आणि एकट्या १९९२ या वर्षात ब्रिटनमध्ये ३७ हजारांहून अधिक गायी रोगी ठरल्या.

या काळात सरकार गोमांस सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. १९९०मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला. मग २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की, माणसांत मेंदूच्या एका जीवघेण्या रोगाचे दहा रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा संबंध बीएसईशी असण्याची दाट शक्यता आहे. आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाची निर्यात जगभर बंद केली.

३० महिने हा आकडा त्या आठवड्यातला. सरकारच्या तज्ज्ञ समितीची शिफारस तुलनेने सौम्य होती : ३० महिन्यांहून मोठ्या जनावरांचे मांस देखरेखीखालील कारखान्यांत हाडांपासून सोडवावे आणि मग विकावे. लक्षणे दिसलेले सर्वांत लहान जनावर २० महिन्यांचे होते. पण लाखभराहून अधिक रोगी जनावरांत ३० महिन्यांच्या आतली अगदी मोजकी होती. बिथरलेल्या ग्राहकाला एवढ्याने धीर आला नसता. सुपरमार्केट आणि शेतकरी संघटना दोघांनाही याहून कडक काही हवे होते. सरकारने मग ३० महिन्यांवरील जनावरे माणसाच्या आहारातून पूर्णपणे काढून टाकली. तज्ज्ञांनी सांगितलेली अट आणि प्रत्यक्षात लागू झालेली अट यांत हा फरक पहिल्या दिवसापासून आहे. खाण्यासाठी पोसलेली बहुतेक जनावरे या वयाआधीच कापली जात, त्यामुळे बाजाराला ही रेषा परवडणारी होती. रेषेपलीकडे गेल्या त्या मुख्यतः दुधाच्या धंद्यातल्या भाकड गायी.

आणखी एक सोय होती, ती दातांची. गायीच्या खालच्या जबड्यात पुढचे आठ दात असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात आणि दुसरी जोडी साधारण ३० महिन्यांच्या आसपास वर येते. दोनहून अधिक कायमचे दात दिसले, की जनावर वयाबाहेरचे. अमेरिकेनेही पुढे हीच खूण नियमात घातली. आपल्याकडे खरसुंडीच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात खोंडाचा खालचा ओठ ओढून आदत, दुसा, चौसा ठरवणारा व्यापारी जे पाहतो, तेच कॅन्ससच्या कत्तलखान्यातला सरकारी निरीक्षक पाहतो. त्या भाषेत सांगायचे तर ही अट म्हणजे चौसा जनावरावरची बंदी आहे. जात आणि चारा यांनुसार दात काही महिने मागेपुढे होतात, हे आपल्या बाजारात सगळे धरून चालतात. व्यापाराच्या करारात तेवढी ढील नसते.

आकड्याला प्रयोगाचा भक्कम आधार नंतर मिळाला. रोगी मेंदू खाऊ घातलेल्या वासरांच्या मज्जासंस्थेत संसर्ग ३२ महिन्यांनी आढळला.

मग हा आकडा अटलांटिक ओलांडून गेला. २० मे २००३ रोजी कॅनडाने अल्बर्टातल्या एका गायीला बीएसई असल्याचे जाहीर केले आणि अमेरिकेने त्याच दिवशी सीमा बंद केली. ऑगस्टमध्ये ३० महिन्यांच्या आतल्या जनावरांच्या बिनहाडाच्या मांसाला वाट मिळाली. जिवंत जनावरांना मात्र मिळाली नाही. या फरकाने कॅनडाच्या पशुपालकाचे कंबरडे मोडले. जनावर सीमेपार नेता येत नव्हते, म्हणून ते मोजक्या मोठ्या कत्तलखान्यांना पडेल भावात द्यावे लागे. त्याचे मांस मात्र खोक्यांत भरून सीमेपार जात होते. म्हाताऱ्या गायीला तर किंमतच उरली नाही. नियम सर्वांना सारखा दिसत असला, तरी त्याची झळ कोणाला आणि कमाई कोणाला, हे तिथे उघड झाले.

२००५च्या आरंभी अमेरिकेच्या कृषी खात्याने ३० महिन्यांच्या आतल्या जिवंत जनावरांनाही परवानगी द्यायचे ठरवले. मोंटानातली आर-काफ ही पशुपालकांची संघटना न्यायालयात गेली. न्यायाधीश रिचर्ड सेबुल यांनी २ मार्चला, सीमा उघडायच्या पाच दिवस आधी, नियमाला स्थगिती दिली. उलट बाजूने मांस कारखानदारांची संघटनाही न्यायालयात होती. तिला मोठी जनावरेही हवी होती. एकच धोका, पण सीमा बंद असताना भाव चढलेल्यांना तो मोठा वाटत होता आणि जनावरांवाचून कारखाने अर्धे चालणाऱ्यांना लहान. जुलैत अपील न्यायालयाने स्थगिती उठवली.

जपानने याच काळात २० महिन्यांची रेषा आखली होती, कारण त्याला २१ आणि २३ महिन्यांची रोगी जनावरे सापडली होती. ती रेषा २०१३मध्ये ३० महिन्यांवर आली आणि २०१९मध्ये पुसली गेली.

दक्षिण कोरियातले प्रकरण वेगळे. एप्रिल २००८मध्ये राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटायच्या आदल्या दिवशी त्यांच्या सरकारने अमेरिकी गोमांसावरची वयाची अट सोडून देण्याचे मान्य केले. मे महिन्यात शाळकरी मुली मेणबत्त्या घेऊन सेऊलच्या रस्त्यावर उतरल्या आणि जूनपर्यंत तिथे लाखोंची गर्दी झाली. पोलिसांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे जाणारा रस्ता मालवाहू कंटेनर रचून अडवला. अखेर लींनी माफी मागितली आणि ३० महिन्यांची अट परत आली. त्या गर्दीत अफवाही होत्या, धोक्याचे अतिरंजित वर्णनही होते. तरी आपल्या शाळेच्या ताटात काय वाढले जाणार हे आपल्याला न विचारता का ठरवले, हा त्या मुलींचा प्रश्न रास्त होता. कोणत्याही प्रयोगशाळेकडे त्याचे उत्तर नसते.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००९मध्ये बिनहाडाच्या मांसासाठीची वयाची अट आपल्या संहितेतून काढली. ब्रिटनने देशातली अट २००५मध्येच बदलून मोठ्या जनावरांसाठी चाचणी आणली होती. कोरियात मात्र ती अजून कायम आहे आणि अमेरिका २०२५च्या व्यापार वाटाघाटींतही तिच्याविरुद्ध तक्रार करत होती.

माझे मत स्पष्ट आहे. मेंदू आणि मज्जारज्जू अन्नातून वगळल्याने माणसांचे रक्षण झाले, आणि गायींतला रोग आटोक्यात आला तो खुराकातल्या भुकटीवरील बंदीने. ती बंदी ब्रिटनने १९९६मध्ये सर्वच पाळीव जनावरांच्या खाद्याला लावली, आणि वर्षाला ३७ हजारांवर गेलेला आकडा आता तिथे क्वचित एखाद्या गायीवर आला आहे. ३० महिन्यांच्या अटीने भेदरलेल्या लोकांना दिलासा दिला आणि त्या वेळी तो आवश्यक होता. आज ती मुख्यतः सौद्यात वापरायचे प्यादे आहे.